मागची फळी

पुण्याला समुद्र नाही, याचं पुणेकराला फारसं वाईट वाटत नाही. पाणी बघायचं तर खडकवासल्याला जावं, भाजलेलं कणीस खावं आणि अंधार पडायच्या आत घरी यावं, एवढ्यावर त्याचं भागतं. इंजिनावाचून मात्र भागत नाही. खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली, आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी आल्या, १९७२ मध्ये फिरोदियांची लूना आली. ज्यांनी आयुष्यात कधी गळ टाकला नसेल अशा माणसांनी इथे जुळवलेली डिझेल इंजिनं मासेमारी बोटींच्या पोटात जाऊन बसली. आणि कंपनीने जे दिलं त्यावर समाधान न मानणं हीसुद्धा पुण्याचीच रीत. माझ्या कॉलेजच्या काळात यामाहा किंवा येझदी जशी शोरूममधून आली तशीच वापरणारा मुलगा बावळट समजला जाई. बोअर वाढव, कार्बोरेटर मोठा टाक, नाना पेठेतून कसला तरी स्प्रॉकेट आण. ब्रेक मात्र सगळ्यांचे कंपनीचेच असत. ब्रेक मोठे करून आणलेला एकही मुलगा मला आठवत नाही.

ही सगळी परंपरा अंगात मुरलेला माझा मेव्हणा एका रविवारी म्हणाला, "दाजी, बोटीला साठचं मशीन टाकतोय."

बोट म्हणजे माझ्या सासऱ्यांनी मुंबईहून आणलेली, चाळिशीकडे झुकलेली फायबरची चौदा फुटी स्पीडबोट. पानशेतच्या पाणफुगवट्याच्या कडेला, एका शेडमध्ये ताडपत्रीखाली ती असते. पाठीला २५ घोड्यांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. सासरे ते कधी अर्ध्यापेक्षा जास्त पिळत नसत. त्यांना बगळे बघायचे असत, आणि बगळ्यांना घाई आवडत नाही. ते गेल्यावर बोट मेव्हण्याकडे आली. मेव्हण्याला बगळ्यांत रस नाही. त्याला मुलाला पाण्यावरच्या फळीवर उभं करून मागे ओढायचंय, आणि चार माणसं बसली की जुनं मशीन बोटीला पाण्यावर उचलत नाही, अशी त्याची तक्रार. तक्रार रास्त होती. पण २५ वरून थेट ६०? यावर त्याचं उत्तर नाना पेठेतलंच: घेतोच आहोत तर मोठं घेऊ.

आउटबोर्ड हे यंत्र मुळात आळसाचं अपत्य. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका तळ्यावर ओले एव्हिनरूड नावाच्या तरुणाला आपल्या मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला वल्हवत जावं लागलं, येईपर्यंत ते वितळलं, आणि त्या चिडीतून बोटीच्या पाठीला अडकवायचं मशीन निघालं, अशी कथा सांगतात. कथेतलं आइस्क्रीम सोडून दिलं तरी १९०९ पासून त्याची मशीनं विकली जात होती हे खरं. ताकद दीड घोडा, वजन अठ्ठावीस किलोंच्या आसपास. बोट जशी आहे तशीच राहते, फक्त वल्ह्यांच्या जागी एक मशीन अडकतं, ही त्या शोधातली खरी गंमत. बोट न बदलता मशीन बदलता येतं, या सोयीतच पुढच्या सगळ्या मोहाची सोय आहे. मोटारीचं इंजिन बदलायचं तर बॉनेटमध्ये जागा लागते. आउटबोर्ड बाहेर लोंबतं, त्याला जागेचं बंधन नाही. पाठीवर मावेल तेवढं लटकवा.

पानशेतला मशीन बघायला जे मिस्त्री आले ते मूळचे रेवदंड्याकडचे. बोलणं कमी, हातात लाकडी मुठीचा हातोडा. मेव्हणा त्यांना नव्या मशीनचं माहितीपत्रक दाखवायला लागला तर त्यांनी ते न उघडताच खिशात घातलं. "मशीन मी एका दुपारात बसवतो साहेब," ते म्हणाले, "कशावर बसवू ते आधी बघू."

ते बोटीच्या मागच्या बाजूला गेले. बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर मशीनचा शिकंजा बसतो, तिला इंग्रजी पुस्तकांत ट्रान्सम म्हणतात. मिस्त्री तिला मागची फळी म्हणत होते, आणि ते जास्त खरं होतं, कारण वरून फायबर दिसत असलं तरी आत फळीच असते: प्लायवूडचे दोन-तीन थर, दोन्हीकडून काचतंतूंच्या कापडाने आणि रेझिनने लपेटलेले. बोट पुढे जाते ती या फळीमुळे. पंखा पाण्याला मागे ढकलतो, पाणी पंख्याला पुढे ढकलतं, आणि तो सगळा रेटा मशीनच्या पायावरून वर चढत या फळीत शिरतो. तोही सरळ नाही. पंखा फळीच्या बराच खाली असतो, त्यामुळे मशीन तरफेसारखं वागतं. खालच्या अंगाला फळी आत दाबली जाते, वरच्या बोल्टांपाशी ती बाहेर खेचली जाते. थ्रॉटल उघडला की असं, मिटला की उलट. वर मशीनची थरथर आहेच.

मिस्त्रींनी हातोड्याची मूठ फळीवर टकटक वाजवायला सुरुवात केली. कडेला टणटण. मधे, बोल्टांच्या भोवती, तो आवाज एकदम बसका झाला. मग त्यांनी मशीन थोडं वर तिरपं केलं आणि त्याच्या पायावर आपलं वजन टाकलं. फळी हलली. फार नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकी. मेव्हण्याचा चेहरा पडला. आतल्या बाजूने पाव इंचाचं एक भोक पाडलं, तर कोरड्या पिवळ्या भुशाऐवजी काळा, ओला लगदा बाहेर आला आणि कुजलेल्या लाकडाचा वास सुटला.

हे पाप कोणाचं, तर एका स्क्रूचं. जुन्या बोटींच्या फळ्या बहुतेक अशाच मरतात. कोणीतरी कधीतरी शिडीसाठी किंवा एखाद्या कड्यासाठी भोक पाडतो, त्यात सीलंट भरत नाही, आणि पाणी तिथून आत शिरून वर्षानुवर्षं प्लायच्या थरांत पसरतं. बाहेरचं फायबर चकचकीतच राहतं. २५ चं मशीन, अर्धा थ्रॉटल आणि बगळे यांच्या जोरावर ही फळी इतकी वर्षं टिकली होती. सासऱ्यांच्या संथपणाला आम्ही घरात हसायचो. तोच इतकी वर्षं बोट सांभाळत होता.

मिस्त्रींनी मग एक प्रयोग केला, तो मला कुठल्याही पुस्तकापेक्षा पटला. २५ चं टू-स्ट्रोक मशीन पन्नास-पंचावन्न किलोंचं. ६० चं फोर-स्ट्रोक एकशेदहाच्या पुढे. फरक साधारण साठ किलोंचा. त्यांनी पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे तीन जार भरून घेतले आणि बोट पाण्यात असताना ते जुन्या मशीनच्या शेजारी, मागच्या फळीला दोराने लटकवले. मग चौघांना बसायला सांगितलं. बोटीचं नाक वर उठलं, आणि मागे, पाणी निघून जायला ठेवलेलं भोक पाण्याखाली गेलं. आतलं पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचं आत यायला लागलं. "आता धावताना एकदम थ्रॉटल सोडा," ते म्हणाले. हे सांगायचीही गरज नव्हती. वेगात असलेली बोट आपल्या मागे एक लाट ओढत असते. बोट अचानक थांबते, लाट थांबत नाही. ती मागून येते आणि मागची भिंत जेवढी बुटकी असेल तेवढी आत पडते. जुन्या बोटींची भिंत मशीनच्या जागी पंधरा इंचांची असते, कारण त्या काळची लहान मशीनं आखूड पायाची होती. मोठ्या मशीनांचा पाय बहुधा वीस इंची.

किती घोडे बसवावेत याचा एक हिशेब अमेरिकी तटरक्षक दलाने वीस फुटांखालच्या बोटींसाठी घालून दिला आहे. बोटीची फुटांतली लांबी गुणिले मागच्या भिंतीची फुटांतली रुंदी. आमची १४ गुणिले ५, म्हणजे ७०. चाकाचं स्टिअरिंग असेल आणि मागची भिंत किमान वीस इंची असेल, तर या आकड्याची दुप्पट करून त्यातून ९० वजा करायचे: ५० घोडे. यांपैकी एक जरी नसेल, म्हणजे मशीन हाताच्या दांड्याने वळवायचं असेल किंवा भिंत बुटकी असेल, तर आकड्याला ०.८ ने गुणून २५ वजा: ३१, फार तर ३५ पर्यंत पूर्ण करा. तळ सपाट आणि कडा टोकदार असेल तर अर्ध्यातून १५ वजा, म्हणजे वीसच. बोट तीच, लांबी-रुंदी तीच, पण ती कशी वळते आणि तिची पाठ किती उंच आहे यावर तिला पन्नास झेपतील की वीस, हे ठरतं. आमच्याकडे चाक होतं, पाठ पंधरा इंची. कुठल्याच हिशेबात साठ बसत नव्हते.

मेव्हण्याने यावर एक प्रश्न विचारला, तो चांगला होता. साठ टाकले आणि कधी पूर्ण पिळलेच नाहीत तर? तर वजन उरतंच, मी म्हटलं, आणि मागे न पिळलेले घोडे आहेत हे ठाऊक असलेला माणूसही उरतो. तुला मी यामाहा घेतल्यापासून ओळखतो.

दुप्पट ताकदीने दुप्पट वेग येत नाही, हे लोकांना सांगूनही पटत नाही. पाण्यावर उठून धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने वजनामागच्या ताकदीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. जॉर्ज क्राउच या अमेरिकी रचनाकाराच्या नावाचं सूत्रच आहे तसं. घोडे दुप्पट केले तर वेग वाढतो चाळीस टक्क्यांनी, आणि मशीनचं वाढलेलं वजन त्यातूनही काही खातं. पण आपटण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग चाळीस टक्क्यांनी वाढला की लाटेवर आदळणाऱ्या तळाला, किंवा बुडालेल्या झाडाच्या खोडाला भिडणाऱ्या नाकाला, सोसावं लागतं ते दुप्पट. सौदा सरळ नाही.

१८ डिसेंबर २०२४ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर बुचर बेटाजवळ नौदलाची एक वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. नौदलाच्या निवेदनात होतं की त्या बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू होती आणि बिघाड होऊन तिच्यावरचं नियंत्रण सुटलं. त्या अपघाताच्या कारणांत शिरण्याचा मला अधिकार नाही. पण चाचणी म्हणजे अजून ओळख न पटलेलं मशीन, आणि त्याची ओळख करून घ्यायची ती मोकळ्या पाण्यात, इतरांपासून लांब, एवढं तरी त्यानंतर कोणत्याही हौशी माणसाला सांगावं लागू नये. मेव्हण्याने त्या आठवड्यात स्वतःहून किल स्विचची लाल दोरी आणली. चालवणारा पाण्यात फेकला गेला की त्याच्या मनगटाला बांधलेली ही दोरी ओढली जाते आणि मशीन बंद पडतं. इतकी वर्षं जुन्या मशीनची ती दोरी हँडलला कायमची गुंडाळलेली होती, जशी हेल्मेटं पुण्यात आरशाला लटकलेली असतात.

ताकदीचा विषय निघाला की मला संगमाजवळचा सीओईपीचा बोट क्लब आठवतो. रेगाटा बघायला मी कितीदा तरी गेलोय. मशाली आणि नावांच्या रचनांना टाळ्या पडतात, माझं लक्ष लांबलचक शर्यतीच्या नावांकडे. आठ वल्हेकऱ्यांची नाव सतरा मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम माणसाच्या कंबरेएवढी रुंद. जगातले उत्तम संघ तिच्यात बसून दोन हजार मीटर साडेपाच मिनिटांत तोडतात, म्हणजे ताशी वीस-बावीस किलोमीटर. आठ तगड्या माणसांची ती सगळी ताकद एकत्र केली तरी भरते पाच-सहा घोड्यांची. आमच्या चौदा फुटी बोटीला पाच घोड्यांचं मशीन लावलं आणि चौघे बसले, तर ती ताशी नऊ-दहा किलोमीटरपाशी अडकेल. कारण पाण्यात बसून चालणारी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात सापडते. तिची लांबी जेवढी कमी, तेवढा तो खळगा लवकर तिला धरतो. लांब, अरुंद नाव त्या लाटेला फारशी उठूच देत नाही. आखूड, रुंद स्पीडबोटीला मात्र लाट चढून, पाण्यावर उठूनच पळावं लागतं, आणि ते चढणं सगळे घोडे खातं. मेव्हण्याला हवं होतं ते एवढंच, चौघांना घेऊन ही एक चढण पार करणं. त्यासाठी साठ लागत नाहीत. त्यासाठी थोडे जास्त घोडे, मागचं वजन पुढे सरकवणं आणि योग्य पंखा लागतो.

पंख्याचं पुण्यात आणखी एक त्रांगडं. पानशेतचं पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. तिथे हवा विरळ, आणि मशीनला दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के ताकद कमी मिळते. मुंबईच्या खाडीत पन्नास असलेलं मशीन इथे सत्तेचाळीसच आहे. माहितीपत्रकावरचे घोडे समुद्रकाठचे असतात, घाट चढताना त्यांतले काही मागे राहतात. म्हणून इथे पंख्याचा पीच, म्हणजे एका फेऱ्यात तो सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे सरकेल तो आकडा, थोडा कमी घ्यावा लागतो. नाहीतर मशीन चौथ्या गिअरमध्ये सिंहगडाचा घाट चढणाऱ्या स्कूटरसारखं घुसमटतं.

आणि पानशेत म्हटल्यावर पुण्यात कोणीही १२ जुलै १९६१ टाळू शकत नाही. धरण त्या पावसाळ्यात पूर्ण झालेलं नव्हतं, तरी पाणी साठवलं गेलं. पाणी सोडायच्या भुयारी मोरीच्या कमानीत पोलादी सळ्या नव्हत्या. तेव्हा पोलादाची टंचाई होती. दारांची यंत्रणा अपुरी, अर्धवट उघड्या दारांतून सुटलेल्या पाण्याचे धक्के त्या मोरीला बसत राहिले, वरचा मातीचा बांध खचला, आणि सकाळी पुणं वाहून गेलं. माझी आई तेव्हा शनिवार पेठेत होती. ती धरणाबद्दल कधी बोलायची नाही, भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेबद्दल बोलायची. बोटीच्या फळीपुढे धरणाचं नाव घेणं अतिशयोक्ती वाटेल. पण त्याच पाण्याच्या काठावर, काळा लगदा हातात घेऊन उभा असताना मला बाहेरून धड दिसणाऱ्या त्या बांधाचीच आठवण झाली, त्याला माझा इलाज नव्हता.

फळी बदलायचं काम उन्हाळ्यात झालं. मिस्त्रींनी आतलं फायबर कापून काढलं, बाहेरची कातडी तशीच ठेवली, आणि कुजलेला प्लाय चिमट्याने, छिन्नीने, शेवटी हातांनी ओढून काढला. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय आणला. छाप बघितल्याशिवाय मिस्त्रींनी तो टेम्पोत चढवू दिला नाही, कारण दुकानदार सगळ्यालाच मरीन म्हणतात. थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवले, भिंत वीस इंचांपर्यंत उंच केली, आतल्या कोपऱ्यांत तळापर्यंत जाणारे तिरपे आधार दिले, म्हणजे रेटा एकट्या फळीत न राहता तळात वाटला जाईल. प्रत्येक बोल्टाचं भोक आधी मोठं पाडून, त्यात इपॉक्सी भरून, ते सुकल्यावर मधोमध पुन्हा पाडलं. पाणी आलंच तर लाकडाला शिवणार नाही. या एका कामात मिस्त्रींचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि काम झाल्यावर ते अजिबात दिसत नाही. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढच्या बाकाखाली गेली.

मशीन आलं ते चाळीसचं. फोर-स्ट्रोक, शंभर किलोंच्या आतबाहेर. जारचा प्रयोग पुन्हा झाला, या वेळी दोन जार आणि थोडी वाळू. पाणी भोकाच्या खाली राहिलं. साठचं माहितीपत्रक मिस्त्रींनी खिशातून काढून परत दिलं, तेव्हा त्याच्यावर कुठल्याशा बोटीची मापं पेन्सिलीने लिहिलेली होती.

पहिल्या दिवशी पूर्ण थ्रॉटलला मशीन ५,१०० फेऱ्यांपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. कंपनीचा पट्टा ५,००० ते ६,००० चा, म्हणजे चालण्यासारखं होतं, पण चौघे बसल्यावर ते पाच हजारांच्या खाली येणार हे उघड होतं. मिस्त्रींनी तेरा इंची पीचचा पंखा काढून अकराचा लावला. फेरे साडेपाच हजारांच्या जवळ गेले. माझा भाचा, मी, मेव्हणा आणि मिस्त्री असे चौघे बसलो, नाक एकदा आभाळाकडे गेलं, थरथरलं आणि खाली आलं, आणि बोट पाण्यावर उठली. मिस्त्री सगळा वेळ मागे वळून फळीकडे बघत होते.

काठावर आल्यावर मेव्हणा बराच वेळ काही बोलला नाही. मग मशीनचं झाकण रुमालाने पुसत म्हणाला, "दाजी, भिंत आता वीस इंची झाली. त्या हिशेबाने अजून दहा बसतात ना?"